ऑक्सिजनचा पहारा कुणाकडे?

मीरा-भाईंदरला पाणी नवे नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि उत्तन, पाली, चौक इथे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या कोळी वस्त्या. पण हे पाणी आत डोकावून पाहण्याचे नाही. उल्हास नदीचा गाळ खाडीतून इथवर येतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, आणि त्या ओढीतच डोल जाळी रोवून बोंबील पकडले जातात. बोंबलाला मानवणारा हा गढूळ प्रवाह हौशी पाणबुड्याला मानवत नाही. म्हणून मीरा रोडला किंवा भाईंदरला राहणारा डायव्हर तारकर्ली गाठतो, गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ उतरतो, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला जातो, जमले तर अंदमानला.

यांतल्या थोड्यांना ४० मीटरची हौशी डायव्हिंगची मर्यादा पुरेनाशी होते. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका ५० मीटरहून अधिक खोलीवर पडून आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ती बुडवली. आपल्याच किनाऱ्यासमोर, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळालेले आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा २० मीटरच्या आसपास आहे, पण कडा त्याहून फार खोल उतरतात. अशा ठिकाणी साध्या सिलिंडरचा हिशेब तोकडा पडतो आणि रीब्रीदरचा विचार सुरू होतो. मग लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: रीब्रीदर हाताने चालवायचा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक?

श्वास परत का वापरायचा

आपण आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडलेल्या श्वासात १६-१७ टक्के उरतो. साध्या स्कूबात हा उरलेला ऑक्सिजन बुडबुड्यांबरोबर निघून जातो. खोली वाढली की हा अपव्यय पटीने वाढतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ५० मीटरवर, जिथे दाब ६ बार असतो, १२० लिटर लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने २४०० लिटर हवा मावते. म्हणजे त्या खोलीवर ती जेमतेम २० मिनिटे पुरेल, आणि वर येतानाचे थांबे त्यात धरलेलेच नाहीत.

शरीराला प्रत्यक्षात लागणारा ऑक्सिजन मात्र खोलीवर अवलंबून नसतो. सावकाश पोहताना तो मिनिटाला सुमारे एक लिटर लागतो, मग तुम्ही ५ मीटरवर असा की ५०. रीब्रीदर याच गोष्टीचा फायदा घेतो. सोडलेला श्वास एका बंद चक्रातून फिरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडालाइम शोषून घेतो, खर्च झालेला ऑक्सिजन छोट्या सिलिंडरमधून भरला जातो आणि तोच वायू पुन्हा छातीत येतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, तेच रसायन इथे दाण्यांच्या रूपात काम करते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या यंत्रातही हाच सोडालाइम असतो.

तीन लिटरच्या सिलिंडरमधला ६०० लिटर ऑक्सिजन या हिशेबाने दहा तास पुरतो. डाइव्हची मर्यादा सोडालाइमच ठरवतो, कारण तो साधारणपणे काही तासांतच थकतो. खोल डाइव्हला लागणारा हेलियम भारतात जवळपास सगळा आयात होतो. तो दर श्वासागणिक पाण्यात सोडून देणे इथल्या डायव्हरला परवडत नाही. शिवाय रीब्रीदर बुडबुडे जवळपास सोडत नसल्याने मासे फारसे बुजत नाहीत. प्रवाळाच्या खोल कडा अभ्यासणाऱ्या जीवशास्त्रज्ञांनी हे यंत्र आपलेसे केले ते या दोन्ही कारणांनी.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री फ्लूस याने १८७८ च्या सुमारास शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा पहिला व्यवहार्य रीब्रीदर बनवला. १८८० मध्ये पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात सुमारे ३०० मीटर आत जाऊन एक लोखंडी दार बंद करायचे होते. नेहमीच्या शिरस्त्राणाची हवेची नळी तिथवर ओढून नेणे अशक्य ठरले, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या फ्लूसचे यंत्र पाठीवर घेऊन गेला आणि काम फत्ते करून आला.

शुद्ध ऑक्सिजनच्या यंत्राला एकच अडचण होती. दाबाखाली ऑक्सिजन विषारी होतो आणि सहा मीटरच्या खाली तो फिट आणू शकतो. खोल जायचे तर ऑक्सिजन दुसऱ्या वायूत मिसळला पाहिजे आणि मिश्रण सतत मोजले पाहिजे.

नियंत्रण कक्ष नसलेला पाणबुड्या

मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काम करणारे पाणबुडे हौशी डायव्हरपेक्षा कितीतरी खोल आणि कितीतरी वेळ पाण्यात असतात. पण ते नळीने जहाजाशी जोडलेले असतात. त्यांच्या श्वासात ऑक्सिजन किती जातो आहे, हे वर नियंत्रण कक्षात बसलेला माणूस पडद्यावर पाहत असतो. पाणबुड्याचे दोन्ही हात नटबोल्टमध्ये गुंतले, तरी त्याच्या वायूवर कुणाचे तरी लक्ष असतेच.

रीब्रीदर पाठीवर घेऊन उतरलेल्या डायव्हरला असा कक्ष नसतो. तो पहारा त्याला स्वतःच द्यावा लागतो किंवा काही अंशी यंत्रावर सोपवावा लागतो. हाताचा की इलेक्ट्रॉनिक, या वादाचे मूळ इथे आहे.

पहारा ऑक्सिजनच्या आंशिक दाबावर, म्हणजे वायूच्या एकूण दाबातल्या ऑक्सिजनच्या वाट्यावर ठेवायचा. तो ०.१६ बारच्या खाली गेला तर शुद्ध हरपते. घातक गोष्ट ही की हरपण्याआधी गुदमरल्यासारखे वाटत नाही. धाप कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते, आणि तो तर सोडालाइमने काढून घेतलेला असतो. दुसऱ्या टोकाला, पाण्यात काम करताना हा दाब १.४ बारच्या वर गेला तर फिट येण्याची शक्यता वाढत जाते. त्यामुळे डायव्हर साधारण १.२ ते १.३ बार हे लक्ष्य धरतो. याला सेटपॉइंट म्हणतात.

दोन यंत्रे, दोन स्वभाव

इलेक्ट्रॉनिक यंत्रात तीन ऑक्सिजन सेन्सर चक्रातला वायू मोजतात. नियंत्रक त्यांचे आकडे सेटपॉइंटशी ताडून पाहतो आणि दाब कमी पडला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडून ऑक्सिजन सोडतो. वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांचा ‘इलेक्ट्रोलंग’ १९६८ मध्ये या तत्त्वावर बाजारात आला. पण हौशी डायव्हरांच्या हातात असे यंत्र मोठ्या संख्येने पोचले ते १९९७ मध्ये, ब्रिटनच्या ‘बडी इन्स्पिरेशन’मुळे.

जवळपास त्याच काळात कॅनडात गॉर्डन स्मिथ याने ‘किस’ नावाचे साधे यंत्र आणले. त्यात सोलेनॉइड नाही. बारीक छिद्रातून ऑक्सिजन सतत झिरपत राहतो, शरीराच्या गरजेपेक्षा जरा कमी, मिनिटाला साधारण ०.७ लिटर. उरलेली तूट डायव्हरने आकडे पाहून बटण दाबून भरायची. सेन्सर इथेही तीनच असतात. फरक इतकाच, की त्यांचे आकडे वाचून निर्णय घेणारा नियंत्रक म्हणजे माणूस.

हाताच्या यंत्राचे समर्थक सांगतात की आकडा पाहिल्याशिवाय जगता येत नाही हे ठाऊक असलेला माणूस आकडा पाहतोच. इलेक्ट्रॉनिक यंत्राचे समर्थक सांगतात की माणूस थकतो, घाबरतो, जाळ्यात अडकलेल्या सोबत्याला सोडवत बसतो, आणि त्या वेळी पहारा चुकत नाही तो यंत्राचाच. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून चर्चा मतांवर न ठेवता मिनिटांत मोजून पाहू.

किती मिनिटे मिळतात

चक्र आणि फुप्फुसे मिळून साडेसहा लिटर वायू आहे असे धरू. दाब १.३ बार असताना त्यात पृष्ठभागाच्या मापाने सुमारे साडेआठ लिटर ऑक्सिजन असतो. डायव्हर एकाच खोलीवर आहे, मिनिटाला एक लिटर खर्चतो आहे आणि ऑक्सिजन येणे पूर्ण थांबले, असे समजा. १.३ वरून ०.२ वर यायला सुमारे सात मिनिटे लागतात. हिशेब ढोबळ आहे, पण प्रमाण बरोबर सांगतो. सोलेनॉइड बंद अवस्थेत अडकला आणि डायव्हरने आकड्याकडे पाहिलेच नाही, तर त्याच्याजवळ एवढाच वेळ असतो.

हाताच्या यंत्रात ०.७ लिटर झिरपत असल्याने तूट फक्त ०.३ लिटरची राहते. तीच घसरण व्हायला तेवीस-चोवीस मिनिटे लागतात. विसरभोळ्या मिनिटांना हे यंत्र जास्त सांभाळून घेते, पण डायव्हर प्रवाहाविरुद्ध जोर लावून पोहू लागला आणि खर्च दोन लिटरवर गेला, तर पाच-सहा मिनिटांतच तो त्याच टोकाला पोचतो. छिद्रात मीठ किंवा कचरा अडकला तर ते बंद पडल्याचा आवाजही होत नाही.

वर येताना चित्र आणखी बदलते. ४० मीटरवर दाब ५ बार असतो. तिथे १.३ बार ऑक्सिजन म्हणजे मिश्रणाचा २६ टक्के. डायव्हरने काहीच न करता सहा मीटर गाठले तर आंशिक दाब ०.४२ वर येतो. इलेक्ट्रॉनिक यंत्र वाटेत पुन्हा पुन्हा ऑक्सिजन सोडून सेटपॉइंट धरून ठेवते. त्या वाढत्या वायूने डायव्हर वर उचलला जाऊ नये म्हणून त्याला तरंगणे सांभाळावे लागते. हाताच्या यंत्रावर हे सगळे बटणाने करायचे. खाली उतरताना उलट होते: पाण्याचा दाब वाढला की ऑक्सिजनचा आंशिक दाबही आपोआप चढतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्रावर उतरताना ०.७ सारखा खालचा सेटपॉइंट ठेवतात.

हाताच्या यंत्राला खोलीचीही मर्यादा असते. छिद्रामागचा दाब ठरावीक ठेवलेला असतो. तो ११ बार असेल, तर सुमारे ५० मीटरपुढे प्रवाह घटू लागतो आणि १०० मीटरजवळ, जिथे बाहेरचा दाबही ११ बार होतो, तो थांबतो. सुईच्या झडपेने किंवा मागचा दाब वाढवून ही मर्यादा पुढे नेता येते, पण ‘हर्मिस’पलीकडचा बेत असेल तर हा आकडा आधीच माहीत असला पाहिजे.

सेन्सर खोटे बोलतो तेव्हा

दोन्ही यंत्रे ज्यावर उभी आहेत तो सेन्सर म्हणजे एक छोटा विद्युतघट आहे. हवेत तो साधारण १० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब देतो आणि ऑक्सिजन वाढला की हा विद्युतदाब वाढतो. वापरला नाही तरी तो जुना होतो. दीड वर्षाच्या आसपास त्याचा भरवसा संपतो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, पण कपाटातल्या सेन्सरचे वय थांबत नाही.

जुना सेन्सर ठरावीक पातळीच्या वर आकडा दाखवूच शकत नाही. समजा, तीनपैकी दोन सेन्सर १.१ वर अडकले आणि तिसरा खरे १.५ सांगतो आहे. बहुमताने चालणारा नियंत्रक त्या प्रामाणिक सेन्सरलाच बाद ठरवतो. दाब कमी आहे असे समजून तो ऑक्सिजन सोडतच राहतो आणि डायव्हर फिटच्या दिशेने जात राहतो. तिन्ही सेन्सर एकाच वेळी, एकाच खेपेतले घेतले असतील तर हे संकट जास्त संभवते. हाताच्या यंत्राचा डायव्हरही याच आकड्यांनी फसू शकतो. त्याच्या बाजूने एवढेच असते की आज नेहमीपेक्षा जास्त वेळा बटण दाबावे लागते आहे, हे त्याच्या अंगठ्याला कळते.

यावरचा उपाय दोन्ही यंत्रांना सारखाच आहे. चक्रात माहितीतला वायू भरून घ्यायचा आणि आकडा ताडायचा. डायल्युएंट, म्हणजे ऑक्सिजन ज्यात मिसळला जातो तो वायू, साधी हवा असेल आणि खोली ३० मीटर असेल, तर ०.२१ गुणिले ४, म्हणजे ०.८४ दिसले पाहिजे. तसे दिसले नाही तर सेन्सरवर विश्वास ठेवायचा नाही; बेलआउट, म्हणजे अडचणीसाठी वेगळ्या नेलेल्या सिलिंडरवर जायचे. ही उजळणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याने पहारा खरोखर घेतला आहे.

दोघांच्याही नजरेबाहेर

ऑक्सिजनच्या या चर्चेत एक शत्रू मागे राहतो. सोडालाइम थकला, नीट भरला नाही किंवा ओला झाला, तर कार्बन डायऑक्साइड चक्रात उरतो. धाप लागते, विचार विस्कळीत होतात, आणि बेलआउट तोंडात घेण्यासाठी श्वास रोखण्याचे बळही उरत नाही. सोलेनॉइड किंवा बटण यांपैकी कुणीच तो काढून टाकत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेऊन पाहण्याची पद्धत आहे, पण सोडालाइममधला अर्धवट बिघाड तिच्यात बहुधा पकडला जात नाही, असे प्रयोगांत दिसले आहे.

८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत डेव्हिड शॉ हा अत्यंत अनुभवी डायव्हर २७० मीटरवर मरण पावला. त्याच्याकडे ऑक्सिजन होता. त्या खोलीवर वायू इतका दाट होता की श्रम करताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे फुप्फुसांना झेपले नाही. म्हणून आता तज्ज्ञ श्वासाच्या वायूची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला देतात. हवेची घनता सुमारे ३० मीटरवरच तिथे पोचते. मिश्रण हलके करणाऱ्या हेलियमची गरज इतक्या लवकर सुरू होते.

ऑस्ट्रेलियातले डॉ. अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातल्या रीब्रीदरवरच्या १८१ मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या स्कूबाच्या तुलनेत रीब्रीदरचा धोका त्यांनी चार ते दहा पट मांडला. दोन-तृतीयांश मृत्यूंचा संबंध जास्त जोखमीच्या वागण्याशी किंवा जास्त जोखमीच्या डाइव्हशी दिसला. हाताचे यंत्र विरुद्ध इलेक्ट्रॉनिक, या दृष्टीने पाहता एका प्रकाराचे पारडे निर्णायकपणे जड झाले नाही. कोणते यंत्र मारत नाही, हा प्रश्न घेऊन दुकानात जाणाऱ्याला या अभ्यासाने उत्तरच दिलेले नाही.

निवड कशी करावी

निवडीची सुरुवात शिक्षकापासून करावी. रीब्रीदरचे प्रशिक्षण विशिष्ट यंत्रापुरते असते. एका यंत्राचे प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही. ज्या शिक्षकाकडे आपण पुन्हा पुन्हा जाऊ शकतो, ज्या सोबत्यांबरोबर उतरणार आहोत, ते जे यंत्र वापरतात त्याला पहिला मान द्यावा. अडचणीच्या क्षणी सोबत्याला आपल्या यंत्राची झडप कुठे आहे हे न पाहता कळले पाहिजे.

दुसरा विचार देखभालीचा. सोलेनॉइड, बॅटऱ्या, नियंत्रक यांचे सुटे भाग परदेशातून यायला वेळ लागतो, आणि खारट, दमट हवा विजेच्या जोडांना सोडत नाही. हाताच्या यंत्रात बिघडण्यासारखे भाग कमी असतात, आणि हा त्याचा फार मोठा गुण आहे. मात्र सेन्सर आणि आकडे दाखवणारे उपकरण दोन्हींत लागतेच, त्यामुळे ‘हाताचे म्हणजे विजेविना’ असा समज करून घेऊ नये.

तिसरा विचार कामाचा आणि पाण्याचा. एकाच खोलीवर दीर्घकाळ, शांत गतीने फिरायचे असेल तर हाताचे यंत्र सुरेख चालते. प्रवाळावर खोली सारखी बदलत असेल, हातात कॅमेरा किंवा मोजपट्टी असेल, तर सोलेनॉइडची मदत मोलाची ठरते. गढूळ पाण्यात मनगटावरचा आकडा मास्कला टेकवूनच वाचावा लागतो. मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोटानंतर बुडाली, तेव्हा नौदलाच्या डायव्हरांना आत जवळपास काहीही दिसत नव्हते. अशा पाण्यात डोळ्यांसमोरचा सूचक दिवा आणि आपोआप सेटपॉइंट राखणारी व्यवस्था असलेले बरे.

चौथा विचार सरावाचा, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. आपल्याकडचा डायव्हर नोकरी सांभाळून, पावसाळा वगळून, वर्षातले मोजकेच दिवस खोल पाण्यात असतो. हाताच्या यंत्राची लय सतत वापराने येते आणि खंड पडला की विसरते. अशा डायव्हरला मी इलेक्ट्रॉनिक यंत्र किंवा झिरपणारे छिद्र व सोलेनॉइड दोन्ही असलेले संकरित यंत्र सुचवेन. पण ते चालवायचे हातानेच. लक्ष्य १.२ किंवा १.३ बार असताना सोलेनॉइडचा सेटपॉइंट ०.७ किंवा १.० वर ठेवायचा, बाकीचा ऑक्सिजन स्वतः बटणाने भरायचा. अनेक अनुभवी डायव्हर असेच करतात. डायव्हरचे लक्ष चुकले तरच यंत्र मध्ये पडते, आणि सोलेनॉइडचा आवाज कानावर आला की आपण बेसावध झालो होतो हे त्याच क्षणी कळते. ज्याला वर्षभर पाण्याजवळ राहता येते, जो दर आठवड्याला उतरतो, त्याने हाताचे यंत्र जरूर घ्यावे. त्याचा साधेपणा अशा माणसाच्या हातात पूर्ण उपयोगी पडतो.

कोणतेही यंत्र असो, चार गोष्टींत सूट नाही: तपासणी-यादी मोठ्याने वाचून पुरी करणे, सेन्सरवर खरेदीची तारीख लिहून ठेवून ते एकाच वेळी न बदलणे, सोडालाइमचे तास मोजणे, आणि सगळे बिघडले तरी वर येता येईल इतका वायू बेलआउटमध्ये नेणे. हे करायची तयारी नसेल, तर साध्या सिलिंडरवर ४० मीटरच्या आत समुद्र भरपूर आहे आणि त्यात कमीपणा नाही. तयारी असेल, तर ऑक्सिजन भरण्याचे काम यंत्राला खुशाल द्यावे. आकडा खरा आहे का, हे पाहण्याचे काम मात्र पाण्यात असेपर्यंत स्वतःकडेच ठेवावे.